हिमयुगातील तापमानवाढ : एक झटक्याची, एक सावकाशीची

१/
हिमयुग म्हटले की लाखभर वर्षे निपचित गोठून पडलेले जग डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात गेले हिमयुग इतके शांत नव्हते. सुमारे १ लाख १५ हजार वर्षांपूर्वी सुरू होऊन ११,७०० वर्षांपूर्वी संपलेल्या या काळात ग्रीनलंडचे तापमान २५ वेळा एकाएकी वर गेले. त्यातल्या काही वाढी एका माणसाच्या आयुर्मानापेक्षाही कमी काळात पूर्ण झाल्या. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अंटार्क्टिकावरही तापमान वाढत होते. पण तिथे अंश-दोन अंशांच्या वाढीला हजार-दोन हजार वर्षे लागत.

२/
एकाच ग्रहावर, एकाच काळात, एक वाढ झटक्याची आणि दुसरी सावकाशीची, असे का? या प्रश्नाचे उत्तर हाती यायला सुमारे अर्धे शतक लागले. ते उत्तर समजले म्हणजे आजच्या तापमानवाढीविषयी वारंवार ऐकू येणाऱ्या एका युक्तिवादाची परीक्षा करता येते. त्यासाठी हा धागा. मोठा आहे, सवडीने वाचावा.

३/
आरंभ जून १९५२, कोपनहेगन. विली डान्सगार्ड हे तिथल्या विद्यापीठातील तरुण भौतिकशास्त्रज्ञ. अणुरेणूंच्या वस्तुमानातील बारीक फरक मोजणारे मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र त्यांच्या हाताशी होते. एका शनिवारी-रविवारी डेन्मार्कवरून पावसाचा मोठा पट्टा सरकत गेला. डान्सगार्ड यांनी घरच्या हिरवळीवर बिअरची रिकामी बाटली ठेवली, तिच्या तोंडात नरसाळे बसवले आणि पावसाचे पाणी टप्प्याटप्प्याने गोळा केले. पावसाच्या आरंभीच्या आणि नंतरच्या पाण्यात काही फरक असतो का, एवढेच त्यांना पाहायचे होते.

४/
फरक होता. पाण्यातील बहुतेक ऑक्सिजन १६ वस्तुमानांकाचा असतो, अगदी थोडा १८ वस्तुमानांकाचा, म्हणजे जड असतो. जड ऑक्सिजन असलेल्या पाण्याची वाफ कमी होते आणि ढगातून ते आधी गळून पडते. हवा जसजशी थंड होत ध्रुवाकडे सरकते, तसतसा तिच्यातील जड ऑक्सिजनचा वाटा घटत जातो. म्हणजेच बर्फात जड ऑक्सिजन जितका कमी, तितकी तो पडला तेव्हाची हवा थंड. पावसाचा प्रत्येक थेंब आणि हिमाचा प्रत्येक कण आपल्या जन्मवेळच्या तापमानाची नोंद सोबत घेऊन खाली येतो.

५/
१९५४ मध्ये डान्सगार्ड यांनी पुढचे पाऊल सुचवले. ग्रीनलंडवर दर वर्षी पडणारे हिम वितळत नाही, थरावर थर साचून त्याचा बर्फ होतो. तेव्हा या थरांतला जड ऑक्सिजन क्रमाने मोजला, तर जुन्या हवामानाची बखरच हाती लागेल. कल्पना सोपी होती. अडचण अशी की ही बखर काही किलोमीटर जाडीच्या बर्फात पुरलेली होती आणि ती उकरून काढण्याचे साधन डान्सगार्ड यांच्याजवळ नव्हते.

६/
ते साधन शीतयुद्धाने पुरवले. अमेरिकी सैन्याने वायव्य ग्रीनलंडमध्ये हिमाच्या पोटात बोगदे खणून कॅम्प सेंच्युरी नावाचा तळ उभारला होता. त्याला वीज पुरवायला अणुभट्टी होती. बर्फाखाली क्षेपणास्त्रे दडवून ठेवता येतील का, हे अजमावण्याचा गुप्त हेतू त्यामागे होता. बर्फ सतत सरकत असल्याने ती योजना बारगळली. पण त्याच तळावर अभियंत्यांनी १९६६ मध्ये बर्फाला आरपार भोक पाडून जवळजवळ १,४०० मीटर लांबीचा हिमगाभा, म्हणजे बर्फाचा सलग दंडगोल, तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढला.

७/
डान्सगार्ड यांनी या गाभ्याचे नमुने मागून घेतले. १९६९ मध्ये त्यांनी चेस्टर लँगवे आणि इतर सहकाऱ्यांसह हजार शतकांच्या हवामानाचा आलेख प्रसिद्ध केला. हिमयुगाच्या भागात रेषा सपाट नव्हती. ती उसळत होती, कोसळत होती, पुन्हा उसळत होती. हवामान हजारो वर्षांत मुंगीच्या पावलांनी बदलते असे मानण्याचा तो काळ. साहजिकच शंका आली : तळाजवळचा बर्फ घसरून थर विस्कटले असतील, ही हवामानाची उसळी नसून बर्फाची मोडतोड असेल. एका साक्षीदाराच्या जबानीवर निकाल कोण देणार?

८/
दुसरा साक्षीदार १९८१ मध्ये मिळाला. दक्षिण ग्रीनलंडमधील डाय-३ या रडार केंद्राजवळ डेन्मार्क, अमेरिका आणि स्वित्झर्लंड या तिघांनी मिळून २,०३७ मीटर खोल गाभा काढला. कॅम्प सेंच्युरीपासून ही जागा सुमारे १,४०० किलोमीटर दूर. तरीही त्याच उसळ्या, त्याच क्रमाने. बर्न येथील भौतिकशास्त्रज्ञ हान्स ओश्गर यांना हिमयुगाच्या अखेरची तशीच उसळी बर्नजवळच्या गेर्झेन्झे या तळ्याच्या गाळातही दिसली. तळ्याचा गाळ काही ग्रीनलंडच्या बर्फासारखा घसरत नाही. म्हणजे बदल हवामानातच होता. या उसळ्यांना पुढे डान्सगार्ड-ओश्गर घटना हे नाव पडले.

९/
उरलेली शंका मिटवण्यासाठी मुद्दाम जोडपरीक्षा घेतली गेली. ग्रीनलंडच्या हिमस्तराच्या माथ्यावर, एकमेकांपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, युरोपीय पथकाने १९९२ मध्ये ३,०२९ मीटर आणि अमेरिकी पथकाने १९९३ मध्ये ३,०५३ मीटर खोल गाभे पूर्ण केले. तळालगतचा सुमारे दहावा हिस्सा दोघांत जुळला नाही; तिथे बर्फाला खरोखरच घड्या पडल्या होत्या. पण त्यावरचे सारे, उसळीमागून उसळी, तंतोतंत जुळले. आता वाद घटनेचा नव्हता, कारणाचा होता.

१०/
या घटनांची एक ठराविक चाल आहे. कडाक्याच्या थंडीतून तापमान काही दशकांत एकदम वर चढते. मग शेकडो, कधी हजारो वर्षे ते हळूहळू उतरत राहते आणि शेवटी पुन्हा धाडकन खाली येते. आलेखावर करवतीचे दाते दिसावेत तसे : एक बाजू उभी, दुसरी उतरती. वाढ किती? ग्रीनलंडवर सुमारे ५ अंशांपासून १६ अंश सेल्सिअसपर्यंत. पुण्याच्या हिवाळ्यातील पहाट आणि दुपार यांच्यात जेवढे अंतर असते, तेवढे अंतर इथे वर्षभराच्या सरासरीत पडले.

११/
इतका मोठा आकडा केवळ ऑक्सिजनवरून ठरवलेला नाही. त्याची पडताळणी बर्फातील हवेच्या बुडबुड्यांनी केली. हिमाचा वरचा कित्येक मीटरांचा थर सच्छिद्र असतो आणि त्यात हवा खेळती असते. पृष्ठभाग एकाएकी तापला की या थराचे वरचे टोक गरम आणि खालचे थंड राहते. अशा वेळी नायट्रोजनचे जड अणू थंड टोकाकडे किंचित अधिक गोळा होतात आणि तिथेच बर्फात बंदिस्त होतात. जेफ्री सेव्हरिंगहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या युक्तीने झटक्याची खूण थेट हवेत पकडली. पृष्ठभाग सावकाश तापला असता तर ही खूण इतकी ठळक उमटलीच नसती.

१२/
वेगाचा सर्वांत थक्क करणारा पुरावा हिमयुगाच्या अगदी शेवटचा आहे. ११,७०० वर्षांपूर्वी, यंगर ड्रायस नावाचा थंडीचा अखेरचा कालखंड संपताना, ग्रीनलंडवर दर वर्षी साठणाऱ्या हिमाचे प्रमाण दुप्पट झाले. रिचर्ड ॲली आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये वर्षावर्षाचे थर मोजून दाखवले की हा बदल अवघ्या १ ते ३ वर्षांत घडला असावा. लाख वर्षांची व्यवस्था एखाद्या शाळकरी मुलाची इयत्ता बदलावी तितक्या वेळात बदलली.

१३/
कारणाचा माग समुद्रात लागला. १९८८ मध्ये हार्टमुट हाइनरिख या जर्मन संशोधकाने उत्तर अटलांटिकच्या तळाच्या गाळात खडीचे सहा वेगळे थर असल्याचे दाखवले. किनाऱ्यापासून इतक्या दूर, भर समुद्रात खडी कशी येणार? ती हिमनगांनी वाहून आणली होती. पुढे त्यातील चुनखडीचे मूळ कॅनडात असल्याचे आढळले. उत्तर अमेरिकेवरील अवाढव्य हिमस्तरातून मधूनमधून हिमनगांची फौज निघे, वाटेत वितळे आणि गोड्या पाण्याचा लोंढा अटलांटिकवर पसरवी. हे थर नेमके सर्वांत कडक थंडीच्या काळांतले होते.

१४/
गोड्या पाण्याचा एवढा प्रभाव का, हे समजण्यासाठी अटलांटिकचे अभिसरण पाहावे लागते. उष्ण कटिबंधातील कोमट, खारे पाणी पृष्ठभागावरून उत्तरेकडे जाते, तिथे आपली उष्णता हवेला देऊन थंड होते, जड होऊन बुडते आणि खोलवरून दक्षिणेकडे परतते. आजही सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी असे फिरते. जगातील सर्व नद्यांच्या एकत्रित प्रवाहाच्या दसपटीहून अधिक. यात वरून गोडे पाणी पडले की खारेपणा घटतो, पाणी हलके होऊन बुडेनासे होते आणि हा रहाट मंदावतो. उत्तरेला मिळणारी उष्णता आटते.

१५/
रहाट पुन्हा जोर धरतो तेव्हा झटका बसतो. कोमट पाणी उत्तरेकडे पोचून समुद्रावरचे गोठलेले झाकण वितळवते. गोठलेला समुद्र सूर्यप्रकाश परतवतो आणि खालच्या पाण्याची उष्णता कोंडून धरतो. उघडा समुद्र ती उष्णता थेट हवेत सोडतो. म्हणून वाढ झटक्याची, आणि सर्वाधिक हिवाळ्यातली. पहिली कळ कोण दाबते, हिमस्तर, वारा की समुद्र स्वतःच, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. पण अटलांटिकचा रहाट आणि त्यावरचे बर्फाचे झाकण यांच्यातून हा झटका जातो, याविषयी व्यापक सहमती आहे.

१६/
आता दुसरे टोक. अंटार्क्टिकावरील बर्ड केंद्रात १९६८ मध्येच २,१६४ मीटरचा गाभा निघाला होता. त्यात करवतीचे दाते नव्हते. होत्या त्या बसक्या टेकड्या, सावकाश चढणाऱ्या आणि सावकाश उतरणाऱ्या. उत्तरेचे दाते आणि दक्षिणेच्या टेकड्या यांचा मेळ घालायचा तर दोन्हीकडची वर्षे एकाच घड्याळावर लावणे आवश्यक होते. हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन बर्फांना एकच घड्याळ आणायचे कुठून?

१७/
ते घड्याळ मिथेन वायूने दिले. मिथेन मुख्यतः पाणथळ, दलदलीच्या प्रदेशांतून निघतो आणि थोड्याच काळात साऱ्या जगाच्या वातावरणात मिसळतो. त्याच्या प्रमाणातील चढउतार दोन्ही ध्रुवांच्या बुडबुड्यांत एकाच वेळी नोंदले गेले. त्यांवरून दोन्ही गाभ्यांची वर्षे जुळवता आली. २००१ मध्ये टॉमस ब्लुनियर आणि एडवर्ड ब्रुक यांनी ग्रीनलंड आणि बर्ड यांचे गाभे असे जुळवले, तेव्हा एक विलक्षण क्रम दिसला : ग्रीनलंड थंडीने काकडत असताना अंटार्क्टिका सावकाश तापत होता, आणि ग्रीनलंडवर झटका बसला की अंटार्क्टिकाचे तापणे थांबून उतार सुरू होत होता.

१८/
हा तराजू होता. अटलांटिकचा रहाट मंदावला की उत्तरेला न गेलेली उष्णता दक्षिणेत साचते. रहाट फिरू लागला की ती उत्तरेकडे ओढली जाते. मग दक्षिणेत झटका का नाही? थॉमस स्टॉकर आणि सिग्फुस योन्सन यांनी २००३ मध्ये त्याचे साधे गणित मांडले. उत्तरेचे बर्फझाकण म्हणजे चुलीवरचा तवा, क्षणात तापणारा. दक्षिणी महासागर म्हणजे काठोकाठ भरलेला हंडा. त्याच जाळावर तो तापायलाही वेळ घेतो आणि निवायलाही. आच बदलली दोघांचीही. तव्याने लगेच दाखवली, हंड्याने उशिरा.

१९/
पुराव्याने या गणिताची पाठराखण केली. २००६ मध्ये युरोपीय पथकाच्या अंटार्क्टिक गाभ्यात उत्तरेच्या प्रत्येक मोठ्या झटक्याला दक्षिणेची एकेक टेकडी जोडीला असल्याचे दिसले. उत्तरेची थंडी जितकी लांबली, तितकी दक्षिणेची टेकडी उंच. २०१५ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकाच्या आणखी बारकाईने मोजलेल्या गाभ्यातून अंतरही ठरले : उत्तरेतील झटक्यानंतर सुमारे २०० वर्षांनी दक्षिणेचा उतार सुरू होई. वाऱ्याला एवढा वेळ लागत नाही. हा निरोप समुद्राने पोचवला होता.

२०/
इथे या साऱ्या शोधाचे सार येते. डान्सगार्ड-ओश्गर घटनांत पृथ्वीजवळची एकूण उष्णता फारशी बदलत नव्हती. तिची वाटणी बदलत होती. एका पारड्यातून काढून दुसऱ्यात टाकावी तशी. ग्रीनलंडवर १० अंशांची उडी पडली तरी साऱ्या पृथ्वीच्या सरासरीत त्या मानाने फारच थोडा फरक पडे. झटक्याची वाढ ही वाटणीची वाढ होती.

२१/
वाटणी म्हणून ती निरुपद्रवी मात्र नव्हती, आणि इथे आपला समुद्र साक्षीला येतो. १९९८ मध्ये जर्मन संशोधकांनी कराचीजवळच्या अरबी समुद्राच्या तळातील गाळ तपासला. ग्रीनलंड उबदार असताना नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहत, खोल पाणी वर येई, सूक्ष्म जीव भरपूर वाढत, ते कुजताना पाण्यातील ऑक्सिजन संपे आणि काळा, पातळ थरांचा गाळ तसाच्या तसा टिके. ग्रीनलंड गारठला की मोसमी वारे दुबळे होत, तळाशी ऑक्सिजन पोचे, किडे गाळ चिवडत आणि तो फिकट होई. काळे-फिकटे पट्टे ग्रीनलंडच्या दात्यांशी जुळले.

२२/
चीनमधील नानजिंगजवळच्या हुलू गुहेतील चुन्याच्या स्तंभांनीही २००१ मध्ये हीच साक्ष दिली, आणि मेघालयातील मॉम्लूह गुहेने भारतीय मान्सूनच्या अशाच एकाएकी चढउतारांची नोंद दिली. कारण असे की उत्तर गोलार्ध थंड झाला की विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. कोकणात आणि सह्याद्रीवर जो पाऊस येतो, तो याच मोसमी वाऱ्यांचा. त्याची दोरी उत्तर अटलांटिकच्या बर्फाशीही बांधलेली आहे.

२३/
हिमयुगाच्या अखेरची तापमानवाढ मात्र वेगळ्या जातीची होती. मिलुटिन मिलँकोविच यांनी मांडल्याप्रमाणे पृथ्वीच्या कक्षेतील आणि आसाच्या कलातील संथ बदलांमुळे उत्तरेकडील उन्हाळ्यात अधिक ऊन पडू लागले आणि हिमस्तर वितळू लागले. सुमारे १८,००० ते ११,००० वर्षांपूर्वीच्या काळात वातावरणातील कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे १९० भागांवरून २६५ भागांपर्यंत चढला. हिमयुगाच्या परमावधीपासून आजच्या उष्ण काळापर्यंत साऱ्या पृथ्वीचे सरासरी तापमान ५ ते ७ अंशांनी वाढले. ही वाटणी नव्हती, ही भर होती. दोन्ही पारडी एकत्र जड झाली.

२४/
या भरीच्या वाढीतही झटके होतेच. १४,७०० वर्षांपूर्वी उत्तर एकाएकी तापली, १२,९०० वर्षांपूर्वी यंगर ड्रायसने पुन्हा गोठवली. ती गोठलेली असताना दक्षिणी महासागर तापत राहिला आणि त्याच्या पोटातील कार्बन डायऑक्साइड हवेत सुटला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे वाटणीनेच भर घालायला हातभार लावला. समुद्राची पातळी तर एका टप्प्यावर काही शतकांतच १० मीटरहून अधिक चढली. हिमयुगात १२० मीटर खाली गेलेला समुद्र मुंबईपुढच्या उथळ पठारावर परत चढला तो याच काळात.

२५/
आता तो नेहमीचा युक्तिवाद : “हवामान पूर्वीही बदलत होते, आणि आजच्यापेक्षा कितीतरी वेगाने. मग आजच्या एका अंशाचे एवढे काय?” यात पहिले वाक्य खरे आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. तो ग्रीनलंडवरील वाटणीच्या आकड्याची तुलना साऱ्या पृथ्वीच्या भरीच्या आकड्याशी करतो. एका घरात एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात गेले, म्हणून साऱ्या गावाचे उत्पन्न वाढले असे कोणी म्हणत नाही.

२६/
तुलना भरीची भरीशीच करावी. हिमयुगाच्या अखेरीस कार्बन डायऑक्साइड सुमारे ७५ भागांनी वाढायला ७,००० वर्षे लागली. औद्योगिक काळात तो २८० वरून ४२० च्या पुढे गेला. म्हणजे १४० हून अधिक भाग, अडीच-तीन शतकांच्या आत. तेव्हा पृथ्वीची सरासरी शतकाला अंशाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास वाढत होती. १८५०-१९०० या काळाच्या तुलनेत २०११-२०२० या दशकाची सरासरी १.१ अंशाने वर होती. आजची वाढ जातीने भरीची आहे, आणि तिचा वेग मागच्या भरीच्या कित्येक पट आहे.

२७/
हिमयुगाचा दुसरा धडा असा की सावकाश साचत जाणारा बदल कधी कधी झटक्याने उलगडतो. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात अटलांटिकचे अभिसरण मंदावण्याची दाट शक्यता आहे. २१०० पूर्वी ते एकाएकी कोसळणार नाही, असे हा अहवाल मध्यम खात्रीने म्हणतो. पण कोसळलेच, तर आशियाचा आणि आफ्रिकेचा मान्सून दुबळा होण्याची शक्यताही तोच अहवाल नोंदवतो. अरबी समुद्रातले फिकट पट्टे हीच गोष्ट आधीच सांगून गेले आहेत.

२८/
त्या वेळी या उपखंडात माणसे होती. पण शेते नव्हती, धरणे नव्हती, आणि पावसाच्या तारखेवर पोट बांधलेली कोट्यवधी कुटुंबे नव्हती. पाऊस हटला की माणूस आपले बिऱ्हाड उचलून पाण्याकडे जाऊ शकत होता. शेतीचा सारा इतिहास गेल्या ११,७०० वर्षांतला, म्हणजे शेवटचा झटका सरल्यानंतरच्या स्थिर काळातला आहे. पेरणीचे नक्षत्र ठरते ते याच स्थैर्याच्या भरवशावर. हिमगाभ्यांनी दाखवले ते एवढेच की हा भरवसा निसर्गाने कायमचा लिहून दिलेला नाही.

(धागा समाप्त)